गोवा पासिंगची जुनी मोटारसायकल घेताना

काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक वयस्कर गृहस्थ मोबाईल हातात घेऊन आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा मस्कतला नोकरीस आहे. जाण्यापूर्वी त्याने आपली मोटारसायकल ओळखीच्या एका माणसास विकली, पैसे रोख घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि तो रवाना झाला. गाडी मात्र कागदोपत्री त्याच्याच नावावर राहिली. आता हेल्मेट न घातल्याच्या दंडाचे संदेश वडिलांच्या मोबाईलवर येऊ लागले होते. दंडाची रक्कम फार नव्हती, परंतु "फादर, उद्या त्या गाडीखाली कोणी सापडले तर काय?" हा त्यांचा प्रश्न मोठा होता.

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिले आहे. एका मोटारीच्या मूळ मालकाने ती २००७ साली विकली होती. त्यानंतर ती एकामागून एक अनेकांच्या हाती गेली. २००९ साली अपघात घडला, तेव्हाही सरकारी नोंदीत नाव पहिल्या मालकाचेच होते. कायद्याच्या दृष्टीने नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निर्णय न्यायालयाने दिला. म्हणजे पैसे घेतले आणि चावी दिली एवढ्याने विक्री पूर्ण झाली असे समजणे घातक आहे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मुंबईहून, कोल्हापूरहून आणि विशेषतः गोव्याहून जुन्या गाड्या येतात. नातेवाईक तिकडे असतात, गाडी बरी मिळते, आणि महामार्गाने ती एका दिवसात घरी आणता येते. अशी गाडी नावावर करण्याची रीत काय, हे आमच्या वाचकांस ठाऊक असावे म्हणून हा लेख.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार विकणारा आणि घेणारा या दोघांवरही कर्तव्य आहे. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत विक्रीची खबर परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. गाडी परराज्यातील असेल तर त्याला ४५ दिवसांची मुदत आहे आणि सोबत ना हरकत दाखला, म्हणजे आपण ज्याला 'एनओसी' म्हणतो तो, द्यावा लागतो. घेणाऱ्याने मात्र दोन्ही प्रसंगी ३० दिवसांच्या आत आपल्या राहत्या भागातील कार्यालयात अर्ज करावयाचा असतो.

गोव्याच्या गाडीची सुरुवात गोव्यातच होते. विकणाऱ्याने तेथील कार्यालयात फॉर्म २८ भरून एनओसी मागावी. त्यात गाडी कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत जाणार हे लिहावे लागते; तेथे रत्नागिरीचेच नाव आहे ना, हे घेणाऱ्याने डोळ्यांनी पाहावे. कर थकलेला असेल, दंड बाकी असेल किंवा चोरीची नोंद असेल तर दाखला अडतो. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्यावा. बोजा असलेली गाडी स्वस्त मिळाली तरी ती स्वस्त नसते.

एनओसी हाती आल्यावर पुढील काम रत्नागिरीत. विकणाऱ्याच्या सहीचा फॉर्म २९, दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३०, नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा ही मुख्य कागदपत्रे होत. अर्ज आता परिवहन विभागाच्या 'वाहन' या संकेतस्थळावर भरता येतात. गाडी मात्र तपासणीसाठी कार्यालयात न्यावी लागते. चेसिस व इंजिनचा क्रमांक आरसीशी ताडून पाहिला जातो. हेच ताडणे आपण पैसे देण्याआधी केले तर पुढचा मनस्ताप वाचतो. त्यानंतर गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो, आणि गाडीस एमएच ०८ हा नवा क्रमांक मिळतो. गोव्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग त्या राज्याच्या नियमांप्रमाणे परत मागता येतो. सौदा ठरविताना हा नवा कर किमतीत धरावा; बहुतेकांचा हिशेब येथेच चुकतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. परराज्यातील गाडी १२ महिने तशीच चालवता येते, असे सर्रास सांगितले जाते. कलम ४७ मधील ती मुदत नवा क्रमांक घेण्याविषयी आहे. आपलीच गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहावयास गेलेल्यास तिचा उपयोग होतो. ज्याने गाडी विकत घेतली आहे, त्याची ३० दिवसांची मुदत त्यामुळे वाढत नाही.

विम्याचेही असेच आहे. कलम १५७ नुसार तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. तरी त्याने १४ दिवसांत विमा कंपनीस कळवून पॉलिसीवर आपले नाव लावून घ्यावयाचे असते. विनादावा सवलत मात्र जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही. आरसीची तारीखही पाहावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच पाच वर्षांनी ती वाढवावी लागते.

मालक निवर्तला असेल तर घरच्यांनी गाडी परस्पर विकू नये. वारसाने ३० दिवसांत कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी प्रथम आपल्या नावावर करावी, मगच विकावी. गाडी व्यापाऱ्यास देणार असाल, तर एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तो अधिकृत आहे काय हे विचारावे आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९ सी ची नोंद आपल्यासमोर करून घ्यावी.

आखातात राहिलेल्या आमच्या वाचकांना दुबईची पद्धत आठवत असेल. तेथे आधी दंड फेडावा लागतो, कर्ज मिटवावे लागते, घेणाऱ्याच्या नावे विमा काढावा लागतो. मग नव्या नावाची मुलकिया हाती पडते आणि गाडी ताब्यात येते. आपल्याकडे चावी आधी जाते आणि कागद मागाहून येतात, कधी येतही नाहीत. कायदा नसल्यामुळे हे घडत नाही. ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागावा, या संकोचामुळे घडते. परंतु कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. दोघांचेही त्यात रक्षण आहे.

म्हणून इतके तरी पाळावे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. गाडी देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करावी. घेणाऱ्याने एनओसी मिळेपर्यंत काही रक्कम राखून ठेवावी. परदेशी जाणाऱ्याने तिकीट काढण्याआधी गाडीचे काम उरकावे, आणि नवीन आरसीवर नाव बदललेले पाहिल्याखेरीज ते झाले असे मानू नये.

त्या गृहस्थांचा मुलगा सुट्टीवर आला, तेव्हा खरेदीदारास सोबत घेऊन प्रथम आरटीओत गेला. थकलेला दंड दोघांनी वाटून भरला आणि गाडी नावावर झाली. वडिलांच्या मोबाईलवर आता तसले संदेश येत नाहीत.