घरात थांबा म्हटले, पण घर केवढे?

२०२० च्या टाळेबंदीत 'घरात थांबा' हा आदेश सगळ्यांना एकच होता. घरे मात्र सारखी नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण, आणि संडास बाहेर, सगळ्या चाळीचा मिळून. तिथे घरात थांबून आजार किती अडणार? माणसांवर प्रयोग करून हे बघता येत नाही. म्हणून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था इथल्या शास्त्रज्ञांनी संगणकातच एक मुंबई उभी केली, सुमारे सव्वा कोटी माणसांची.

यातल्या प्रत्येक माणसाला 'एजंट' म्हणतात (विम्याचा नव्हे!). त्याला वय, घर, शाळा किंवा कामाची जागा, आजूबाजूची वस्ती, लोकलचा प्रवासही दिलेला असतो. कोण कुणाच्या किती जवळ येतो यावरून लागणीची शक्यता काढतात. मग संगणक फासे टाकल्यासारखे ठरवतो, याला लागण झाली, त्याला नाही. फासे दर वेळी वेगळे पडतात, म्हणून तेच पुन्हा पुन्हा चालवून सरासरी बघतात.

आता त्यात एक नियम लावा. शाळा-कचेऱ्या बंद केल्या की तिथली लागण थांबते. हेच हवे होते. पण तीच माणसे दिवसभर एका खोलीत राहतात आणि घरातली लागण वाढते. हे कुणाला हवे नव्हते. या प्रतिकृतीत झोपडपट्टी वेगळी मांडली होती, तिथला संपर्क जास्त धरला होता. आम्हाला हे फार मोलाचे वाटते, कारण अख्ख्या शहराची सरासरी काढली की बस्ती त्यात दिसतच नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांत कोरोनाच्या अँटिबॉडी सापडल्या. बाकी भागात सुमारे १६ टक्के.

संगणकाला मात्र जेवढे सांगाल तेवढेच कळते. लागण मोजणाऱ्या हिशेबात बुडालेली रोजी आपोआप येत नाही. ती वेगळी भरावी लागते. घरातली माणसे कमी भरली, तर उत्तरही चुकते.

म्हणून सर्वेक्षणाला आशाताई आल्या, तर रेशनकार्डावरची नव्हे, रात्री घरात झोपणारी सगळी माणसे सांगा. गावाहून कामाला आलेला भाचाही. एका संडासावर किती घरे आणि नळाला पाणी किती वेळ, हे त्यांनी विचारले नाही तरी सांगा.