बाळंतपण कोणाच्या खाती?

दोन पिढ्यांपूर्वी गोमंतकातली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तर घरच्या हिशेबाच्या वहीत त्याची वेगळी नोंद क्वचितच होत असे. सुईण ओळखीची, दूध गोठ्यातले, तांदूळ कणगीतले आणि मध्यरात्री मूल रडू लागले तर उठायला आजी, काकी, मावशी अशा चारजणी. खर्च होत नव्हता असे नव्हे. तो अनेकींच्या श्रमांत वाटला जात होता आणि त्या श्रमांना कोणी मोल लावीत नव्हते, एवढेच. आज तीच लेक हैदराबादेत गच्चीबावलीच्या किंवा माधापूरच्या एखाद्या संगणक कंपनीत नोकरी करते, दहाव्या मजल्यावरच्या कर्जाऊ घरात राहते आणि बाळंतपणाची रजा घेते. तेथे कणग नाही, गोठा नाही, चार बायकाही नाहीत. तेथे प्रत्येक गोष्टीला किंमत आहे आणि ती महिन्याच्या महिन्याला मोजावी लागते.

हैदराबाद आपल्याला परके नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्या जुन्या वस्तीतल्या एकत्र कुटुंबांना बाळंतिणीचा खर्च वाटून घेण्याची रीत ठाऊक होती. शहराच्या पश्चिमेला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या नव्या वस्तीत मात्र कुटुंब म्हणजे दोन माणसे आणि दोन पगार. त्यातला एक पगार हलला की सारे घर हलते.

कायद्याने या कुटुंबाला आधार दिला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. त्यांपैकी आठ आठवडेपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने त्या जुन्या कायद्याची जागा घेतली, तरी या तरतुदी कायम ठेवल्या. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केले असेल, तर हा हक्क मिळतो. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ आणि उरलेली रक्कम जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यावी, असेही कायदा सांगतो. रजेवर असलेल्या स्त्रीला त्या कारणाने कामावरून काढता येत नाही. हा उपकार नव्हे, हक्क आहे. तो मागताना आवाज खाली करण्याचे कारण नाही.

परंतु हक्क असणे वेगळे आणि घरखर्च भागणे वेगळे. एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, पतीचे ६५ हजार आणि पत्नीचे ५५ हजार मिळून महिन्याला १ लाख २० हजार रुपये घरात येतात. घराचा हप्ता ४० हजार, घरखर्च ३५ हजार, विमा, प्रवास व इतर १५ हजार, गावी आईवडिलांना १० हजार. शिल्लक २० हजार. रजेच्या काळात तिचे काही भत्ते थांबले आणि हाती ८ हजार कमी आले. बाळंतिणीसाठी बाई, औषधे, तपासण्या यांचे १२ हजार वाढले. झाले! शिल्लक शून्यावर आली. या घराने कर्ज काढले नाही, उधळपट्टी केली नाही, कायद्याने दिलेला पगार मिळाला आणि तरीही गंगाजळी आटली. २६ आठवडे संपले आणि मूल अशक्त आहे म्हणून तिला आणखी तीन महिने बिनपगारी रजा घ्यावी लागली, तर दर महिन्याला ४७ हजारांची, म्हणजे एकूण १ लाख ४१ हजारांची तूट येते. बँकेचा हप्ता मात्र बाळंतपणाची रजा घेत नाही.

म्हणून हा हिशेब पाळणा बांधताना नव्हे, दिवस गेल्याचे कळताच मांडला पाहिजे. रजेत पगाराचा कोणता भाग चालू राहील आणि कोणता थांबेल, हे कचेरीकडून लेखी विचारून घ्यावे. पगारपत्रकावरचा मोठा आकडा आणि हाती येणारी रक्कम यांत अंतर असते, हे रजेच्या दुसऱ्या महिन्यात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. रजेचा पगार हा पगारच असल्याने त्यावर प्राप्तिकर लागतो, हेही ध्यानात असावे. कंपनीच्या आरोग्य विम्यात बाळंतपणाच्या खर्चाला मर्यादा किती आणि नवजात मुलाचे नाव किती दिवसांत नोंदवायचे, ते पाहून ठेवावे. स्वतः घेतलेल्या विम्यात बाळंतपणासाठी बहुधा प्रतीक्षेचा काळ असतो. दिवस गेल्यावर घेतलेला असा विमा त्या वेळी उपयोगी पडत नाही. बारशाचा थाट कमी केला तर सटवाई रागावत नाही. मात्र त्याच पैशात तीन आठवड्यांची मदत मिळत असेल, तर बाळंतीण दुवा देते.

येथवर झाली व्यवहाराची गोष्ट. आमचा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. रजा संपत आली, की हैदराबादेतल्या त्या दहाव्या मजल्यावर आणि पणजीतल्या किंवा फोंड्यातल्या घरातही एक संवाद हमखास घडतो. ‘पाळणाघराला आणि सांभाळणाऱ्या बाईला इतके द्यायचे, तर तुझ्या पगारातून उरणार काय? त्यापेक्षा नोकरी सोड.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण त्याचा हिशेब चुकलेला असतो. मूल दोघांचे, तर पाळणाघराचा खर्च एकीच्याच पगारातून का वजा करायचा? पतीचा पगार हप्त्याच्या खाती आणि पत्नीचा पगार मुलाच्या खाती, ही मांडणी कोणी ठरवली? तोच खर्च दोघांच्या एकत्र मिळकतीतून वजा करून पाहिला, की नोकरी सोडण्याचे गणित बहुतेक वेळा कोसळते. शिवाय आज सोडलेल्या नोकरीबरोबर भविष्यनिर्वाह निधीतली भर, बढतीची पायरी आणि पुन्हा कामाला लागण्याची संधी जाते. तिचे मोल पाळणाघराच्या पावतीवर लिहिलेले नसते. ज्या आस्थापनांत पन्नास वा अधिक माणसे काम करतात, तेथे पाळणाघराची सोय असलीच पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे, असे कायदा सांगतो. ही सोय आहे की नाही, हे पित्यानेही आपल्या कचेरीत विचारावे. तो प्रश्न फक्त आईनेच विचारावा, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.

हीच चुकीची मांडणी मोठ्या वहीतही आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले होते. मातेला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. मात्र सरकार तो उचलीत नाही तोवर, स्त्रीच्या श्रमांचा लाभ घेणाऱ्या मालकाला अंग काढून घेता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. त्याला आता शतक होत आले. राज्य कामगार विम्याचे छत्र ज्यांच्यावर आहे त्या स्त्रिया वगळल्या, तर खाजगी क्षेत्रात २६ आठवड्यांचा सारा भार अजूनही एकट्या मालकाच्या खाती आहे. परिणामी, नुकत्याच लग्न झालेल्या मुलीला नोकरी देताना काही मालकांचा हात आखडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० साली केलेल्या करारात हा भार विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून उचलावा, असे तत्त्व सांगितले आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

आणि त्या दहाव्या मजल्यावर आणखी एक स्त्री आहे. ती सकाळी भांडी घासते, दुपारी बाळाला तेल लावते. तिला दिवस गेले, तर तिच्यासाठी २६ आठवडे नाहीत, ४८ तासांत येणारी रक्कम नाही आणि पाळणाघरही नाही. तेलंगण सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या योजनेत सरकारी रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या गरीब स्त्रीला मुलगा झाल्यास १२ हजार आणि मुलगी झाल्यास १३ हजार रुपये हप्त्यांनी देण्याचे ठरले होते. बुडालेल्या मजुरीची भरपाई हाच त्यामागचा विचार होता. विचार योग्य होता. पण सहा महिन्यांच्या मजुरीपुढे ही रक्कम किती अपुरी, हे सांगायला नको. ज्या घराने स्वतः भरपगारी रजेचा लाभ घेतला, त्या घराने आपल्या जमाखर्चात त्या बाईच्या रजेचा आकडाही लिहावा. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

घरात मूल येते ते कोणा एकट्याचे देणे म्हणून नव्हे. आईचा त्यात देह झिजतो. निदान त्याचा खर्च तरी तिच्या एकटीच्या नावे लिहू नये. घराच्या वहीत तो दोघांच्या खाती असावा आणि देशाच्या वहीत सर्वांच्या.