ताल लंडनचा, बोल मुंबईचे

जॅझ हा शब्द कानी पडला की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पंचतारांकित हॉटेल, काचेचे पेले आणि इंग्रजी बोलणारी साहेब मंडळी उभी राहतात. हे संगीत आपले नव्हे, असे म्हणून माणूस पुढे जातो. आम्हांला ही समजूत मान्य नाही. पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यावरून जयंतीच्या किंवा लग्नाच्या मिरवणुकीत जो बँड जातो, त्यातला ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि छातीवर बांधलेला मोठा ड्रम ही जॅझची मूळची वाद्ये आहेत.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर न्यू ऑर्लिन्स शहरातील काळ्या लोकांच्या बँडपार्ट्या मिरवणुकीत आणि प्रेतयात्रेत वाजवू लागल्या. स्मशानाकडे जाताना संथ चाल, परतताना नाचरी. त्या वाजवण्यातून १९०० च्या आसपास जॅझ उभे राहिले. लुई आर्मस्ट्राँग हा त्यातला सर्वांत मोठा ट्रम्पेटवादक. १९०१ साली अत्यंत गरीब वस्तीत जन्मला आणि काळ्या मुलांच्या सुधारगृहातील बँडमध्ये तयार झाला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकत होते, आणि १९४६ साली काळ्या जनतेचे विचारवंत डु बॉईस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. म्हणजे या लोकांशी आपली ओळख काही कालची नाही. फक्त त्यांच्या संगीताची ओळख तेवढी राहून गेली.

मुंबईत हे संगीत आले ते हॉटेलांच्या दारानेच, हे खरे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पण ते उचलले गोव्याहून पोटासाठी आलेल्या वादकांनी. गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही मुले. त्यांतलेच हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. पुणतांब्यात जन्मलेले आपले संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त या वादकांना बरोबर घेतले आणि जॅझचा ठेका मराठी घराघरांत पोचला. लोक नाचले. पण वाजवणारा कोण, हे कुणाला माहीत होते? त्या काळी सिनेमाच्या पाटीवर संगीतकाराचे नाव मोठे असे. तुकडे लिहून वाद्यमेळ बसवणारा गोव्याचा माणूस फार तर सहायक म्हणून येई, पुष्कळदा तेवढाही येत नसे. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात या वादकांचा इतिहास मांडला, तोवर साठ-सत्तर वर्षे उलटून गेली होती.

हे आठवण्याचे कारण असे, की आज जॅझमध्ये कामाची एक निराळीच रीत रूढ झाली आहे. कंपनीच्या मागे न लागता स्वतःच्या हिमतीवर नवी गाणी करणारे वादक एका गावात नसतात. एक लंडनला, दुसरा मुंबईला, तिसरा आणखी कुठे. एकमेकांचे वाजवणे ध्वनिमुद्रित करून पाठवतात, त्यावर दुसरा आपले वाजवतो, आणि गाणे पुरे होते. काही वेळा तर सगळे जण एका खोलीत कधी बसलेलेच नसतात.

सारथी कोरवार यांचे उदाहरण घ्या. अमेरिकेत जन्म, अहमदाबाद आणि चेन्नईत बालपण. पुण्याला शिकायला आले आणि राजीव देवस्थळी यांच्याकडे तबल्याला बसले. तबल्याचे बोल पाश्चात्त्य ड्रमवर उतरवण्याचा नाद तिथलाच. पुढे लंडनला गेले. त्यांच्या पहिल्या तबकडीत, २०१६ च्या ‘डे टू डे’मध्ये, गुजरातेतील रतनपूरच्या सिद्दी मंडळींचे गाणे आणि ढोल आहेत. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्या आवाजांवर जॅझचे वादक वाजले. मग २०१९ साली ‘मोअर अरायव्हिंग’ आली, एका स्वतंत्र कंपनीने काढलेली. त्यात मुंबई-दिल्लीचे रॅपर आणि लंडनचे जॅझ वादक एकत्र आहेत. ‘कुली’ नावाच्या गाण्यात दिल्लीचे दोघे आहेत. ‘मुंबय’ या गाण्याला बोल आणि आवाज आहे मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटातील एम. सी. मवाली यांचा. ही ‘स्वदेसी’ची पोरे म्हणजे आरेच्या जंगलासाठी तिथल्या आदिवासींबरोबर गाणे करणारी. आपल्या बोलीत, आपल्या रागाने बोलणारा मुंबईचा पोरगा आणि खाली लंडनचा सॅक्सोफोन! कोरवार यांच्या लंडनमधील वादकसंचाचे नावही ‘उपज’ आहे. गवई आयत्या वेळी जे सुचून गातो, ते उपज.

मोठ्या नावांनाही हीच वाट धरावी लागली. जॉन मॅक्लॉफ्लिन हे जॅझचे गिटारवादक आणि झाकीर हुसेन यांचा ‘शक्ती’ हा संच जुना. करोनाच्या काळात सगळेच अडकले. मॅक्लॉफ्लिन मोनॅकोत, झाकीरभाई अमेरिकेत, शंकर महादेवन आणि बाकीचे आपापल्या ठिकाणी. त्यांनी एकमेकांना तुकडे पाठवून ‘धिस मोमेंट’ तयार केली. २०२३ साली ती निघाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले.

आता कुणी विचारील, टेलिफोनसारखे समोरासमोर जोडून एकाच वेळी का वाजवत नाहीत? त्याला कारण आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिरवणुकीत ट्रम्पेटवाला ड्रमवाल्यापासून दहा मीटर पुढे गेला, तर त्याला ठोका सेकंदाच्या चौतिसाव्या भागाएवढा उशिरा ऐकू येतो. तेवढे माणसाचे कान सांभाळून घेतात. त्याहून जास्त उशीर झाला की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय ढासळते. लांबलचक मिरवणुकीत पुढची आणि मागची माणसे वेगवेगळ्या ठेक्यावर नाचताना आपण पाहतोच. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या जाण्यातच सेकंदाचा अठ्ठाविसावा भाग गेला. प्रत्यक्षात समुद्रातल्या तारा वळणावळणाच्या, शिवाय मधल्या यंत्रांचा उशीर वेगळा. पिंपळगाव ते मुंबई अंतर थोडे, तिथे प्रकाशाला हजारांश सेकंदच लागतो, पण मोबाईल आणि वायरलेसचा उशीर तिथेही आडवा येतो. म्हणून एकाने आज वाजवायचे, दुसऱ्याने उद्या.

ही युक्ती मुळात नवी नाही. सिडनी बेशे या न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ वादकाने १९४१ साली एकट्याने सहा वाद्ये एकावर एक मुद्रित करून गाणे पुरे केले होते. क्लॅरिनेट, दोन तऱ्हेचे सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम, सगळे तोच. आज त्या सहा जागी सहा गावचे सहा जण असतात, एवढाच फरक.

तरी जॅझची एक अडचण उरते, आणि आमच्या मते खरी गंमत तिथेच आहे. जॅझ म्हणजे आपल्या कव्वालीच्या मुकाबल्यासारखा सवाल-जवाब. सॅक्सोफोनने एक बोल टाकला की ड्रमने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. ड्रमवाल्याने कालच वाजवून ठेवले असेल, तर त्याच्याकडून उत्तर कसे येणार? यावर वादकांनी काढलेला उपाय साधा आहे. पहिल्या फेरीत जागा मोकळ्या ठेवायच्या. दुसऱ्याचा सवाल आला की पहिल्याने आपले वाजवणे पुन्हा करायचे, आता उत्तरासह. अशा दोन-तीन येरझाऱ्या झाल्या की गाण्यात जीव येतो. दुसरी गोष्ट लयीची. सगळे एका लयीत राहावेत म्हणून कानात यंत्राची टकटक लावतात. पण जॅझची चाल टकटकीवर काटेकोर बसली की मेली म्हणून समजा. ती जरा रेंगाळत, झुलत चालते. म्हणून जाणते लोक टकटकीवर आधी ड्रम मुद्रित करतात. मग ती टकटक काढून टाकून बाकीचे सगळे ड्रमच्या मागे चालतात. माणसाच्या मागे माणूस.

आपल्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी असे काही करू पाहत असेल, तर फार खर्च नाही. दिवसा बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उचलणारा आणि संध्याकाळी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा तरुणही हे करू शकतो. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा भिंतीला दोन गोधड्या टांगाव्यात. पंखा बंद. कानात तारेचे इअरफोन घालावेत, बिनतारी नकोत, त्यांत आवाज मागे पडतो. सुरुवातीला तीन टाळ्या वाजवून मुद्रित कराव्यात, म्हणजे पलीकडच्याला तुकडे जुळवताना खूण सापडते. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज पाठवू नये, त्यात आवाज दाबला जातो. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवावी. आणि आईवडिलांनी, पोरगी कोपऱ्यात कान झाकून बसली म्हणून ओरडू नये. पोरींना तर घरात अशी तासभराची मोकळीक मुद्दाम द्यावी. रात्रीच्या कार्यक्रमांना पाठवायला घरचे कचरतात. इथे घरात बसून तिचे गाणे परगावी पोचते.

अंतरामुळे गाणे बिघडत नाही, हे एव्हाना दिसले असेल. बिघडते ते नावाच्या आणि पैशाच्या हिशेबात, आणि त्याची झळ आपल्या कलावंतांना सर्वांत जास्त बसली आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी हजारो गाणी लिहिली. ती गावोगावच्या गायकांनी गायली. जुन्या शाहिरांप्रमाणे वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. त्यामुळे कॅसेटवर छापलेले असो वा नसो, ज्याने पुरते गाणे गायले त्याच्या तोंडून कवीचे नाव निघालेच! चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटला अशी सोय नव्हती. सुरात नाव गुंफता येत नाही.

म्हणून पहिला तुकडा पाठवण्यापूर्वी लिहून घ्यावे. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोणी काय वाजवले, आलेल्या पैशात वाटा किती. कायदा या बाबतीत कलावंताच्या बाजूने बराच आला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या मानधनातील गीतकार-संगीतकाराचा वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला देता येतो. वादक-गायकांनाही हक्क आहेत. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. चाल रचणाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे नातवंडांपर्यंत. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता आल्या इंग्रजी कागदावर सही करू नये. गावातल्या वकिलीच्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावा.

पाठवण्याच्या फाइललाही नुसते ‘गाणे एक’ असे नाव देऊ नये. वाजवणाऱ्याचे पूर्ण नाव, वाद्य, गाणे, लयीचा आकडा आणि तारीख त्या नावातच लिहावी, आणि एक प्रत आपल्याजवळ वेगळी ठेवावी.