घाई म्हणजे कष्ट नव्हे

1950 च्या दशकातली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोमधील हृदयरोगतज्ज्ञ मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांच्या दवाखान्यात खुर्च्या दुरुस्त करायला एक कारागीर आला. त्याला नवल वाटले, कारण खुर्च्या फक्त पुढच्या कडेलाच झिजल्या होत्या. रुग्ण जणू उठायच्या तयारीतच बसत! फ्रीडमन पुढे ही आठवण सांगत असत.

1959 मध्ये या दोघांनी सततची घाई, चढाओढ आणि चटकन येणारा राग अशा वागणुकीचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. तिला ‘टाइप ए’ असे नाव पडले. पण असा माणूस म्हणेल, “घाई सोडली तर माझे यशही जाईल!” फ्रीडमन यांचे मत उलट होते. यश मिळते ते कौशल्यामुळे. घाई आणि राग असूनही मिळते, त्यांच्यामुळे नव्हे.

मग स्वभाव बदलता येतो का? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर त्यांनी प्रयोग केला. 270 जणांना नेहमीचा वैद्यकीय सल्ला दिला. 592 जणांना त्याबरोबर वागणूक बदलण्याचे धडे दिले. हे धडे म्हणजे नुसता उपदेश नव्हता. मुद्दाम लांब रांगेत उभे राहायचे, सावकाश जेवायचे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडायचे नाही, असे साधे सराव होते. साडेचार वर्षांत पहिल्या गटात 21.2 टक्के लोकांचा विकार उलटला, तर दुसऱ्यात 12.9 टक्के. हे निष्कर्ष 1986 मध्ये प्रसिद्ध झाले.

एक सावधगिरी हवी. पुढच्या अनेक अभ्यासांत संपूर्ण ‘टाइप ए’ आणि हृदयविकार यांचा संबंध आढळला नाही. या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता, हेही उघड झाले. त्यातल्या त्यात धोक्याचा ठरला तो मनात धुमसणारा राग. म्हणजे बदलायची ती मेहनत नव्हे. फ्रीडमन यांना स्वतःला झटका येऊन गेला होता. त्यांनीही हेच सराव केले, उतारवयापर्यंत काम केले आणि 2001 मध्ये, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्याला वर्गात असा सराव करता येईल का? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला 1970 च्या सुमारास आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात. उद्याच्या तासाला थांबून पाहा. स्वभाव एका दिवसात पालटत नाही, पण सुरुवात तीन सेकंदांनीही होते.