उमेदवाराचे आरोग्य आणि निवडणुकीचा कायदा

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या वेळी त्यांचे वय ७४ वर्षांचे होते. पुढे १९६१ मध्ये ते गंभीर आजारी पडले आणि उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांना काही महिने राष्ट्रपतींची कार्ये पार पाडावी लागली. संविधानाच्या ६५व्या अनुच्छेदात अशा प्रसंगाची तरतूद आहे. मात्र ती पदारूढ राष्ट्रपतींपुरतीच आहे. निवडणुकीस उभ्या असलेल्या उमेदवाराच्या प्रकृतीविषयीच शंका उत्पन्न झाली तर काय करावयाचे, हा प्रश्न निराळा होय.

अमेरिकेत याचे उत्तर पक्ष देतो. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगल्टन यांनी पूर्वी नैराश्यावर विजेचे उपचार घेतल्याचे उघड झाले. त्यांनी माघार घेतली व पक्षाच्या राष्ट्रीय समितीने सार्जंट श्रायव्हर यांची निवड केली. २०२४ मध्ये ८१ वर्षांचे अध्यक्ष जो बायडेन २१ जुलै रोजी निवडणुकीतून बाजूला झाले आणि कमला हॅरिस पक्षाच्या उमेदवार झाल्या.

भारतात राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अशी बदली करता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा पक्षाचा नसतो. ५० सूचक व ५० अनुमोदक मतदारांच्या सह्यांनी तो उभा राहतो. भिलाईचा नागरिक येथे स्वतः मतदान करीत नाही. त्याच्या वतीने आमदार व खासदार मत देतात. २०२२ मध्ये छत्तीसगढच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १२९ होते.

त्या वर्षीचा कार्यक्रम पाहिल्यास अडचण स्पष्ट होईल. नामनिर्देशनपत्रे २९ जूनपर्यंत स्वीकारण्यात आली, ३० जूनला छाननी झाली, माघारीची मुदत २ जुलै रोजी संपली आणि मतदान १८ जुलैला झाले. याचा अर्थ असा की, २९ जूननंतर नवा उमेदवार आणण्याची वाट बंद झाली होती. आणि २ जुलैनंतर उमेदवार अंथरुणाला खिळला असता, तरी मतपत्रिकेवरील त्याचे नाव निघाले नसते. त्याने जाहीरपणे माघार घोषित केली असती, तरी तिला कायदेशीर अर्थ उरला नसता. मतदारांना उरलेल्या नावांतूनच निवड करावी लागली असती. माघारीची मुदत व मतदान यांत किमान पंधरा दिवसांचे अंतर कायद्यानेच ठेवलेले आहे. म्हणजे ही अडचण दर निवडणुकीत संभवते.

छाननीनंतर उमेदवाराचा मृत्यू झाला, तर मात्र १९५२च्या कायद्यानुसार मतदान रद्द होते व सर्व प्रक्रिया नव्याने सुरू होते. मृत्यूची दखल घेणारा हा कायदा आजाराविषयी मौन पाळतो. ५८व्या अनुच्छेदातील पात्रतेच्या अटींतही वैद्यकीय तपासणीचा उल्लेख नाही.

या मौनालाही कारण आहे. उमेदवाराची प्रकृती ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती दिला, तर त्याचा उपयोग नको असलेल्या माणसाला दूर करण्यासाठी होऊ शकेल. निवडून आल्यानंतरच्या आजारासाठी ६५वा अनुच्छेद आहेच. १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग अमेरिकेत हृदयावरील शस्त्रक्रियेसाठी गेले, तेव्हा त्यांची कार्ये उपराष्ट्रपती हिदायतुल्ला यांनी सांभाळली. या हिदायतुल्लांचे शालेय शिक्षण भिलाईजवळच्या रायपूर येथे झाले होते.

अशा स्थितीत उमेदवाराच्या प्रकृतीचा विचार नामनिर्देशनापूर्वीच करणे भाग आहे. ती जबाबदारी त्याला पुढे करणाऱ्या पक्षांवर, सूचक-अनुमोदकांवर आणि स्वतः उमेदवारावर येऊन पडते.