फराहबागेत फोटो काढताना

अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जाणारी मंडळी भुईकोट किल्ला पाहतात, रणगाडा संग्रहालय पाहतात, डोंगरावरच्या सलाबतखानाच्या मकबऱ्यावरही चढतात. त्या मकबऱ्याला लोक चांदबिबी महाल म्हणतात. शहराच्या आग्नेयेची फराहबाग मात्र बहुतेकांची राहून जाते. गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन मुद्दाम तिकडे गेलो.

‘फराह’ म्हणजे आनंद. शहराच्या गजबजाटापासून दूर, निवांत राहण्यासाठी निजामशाही सुलतान मुर्तजा पहिला याने हा बागेतला महाल बांधवला. पहिली इमारत त्याला पसंत पडली नाही. ती पाडली गेली आणि नवी 1583 साली सलाबतखानाच्या देखरेखीखाली पुरी झाली. महाल अष्टकोनी, दुमजली, मधल्या दालनावर घुमट. चारी बाजूंना तलाव आणि त्याभोवती बाग. पाणी दुरून नहरीने आणलेले. उन्हाळ्यात उंच कमानींतून आत येणारा वारा या पाण्यावरूनच यायचा. म्हणजे इथे पाणी शोभेपुरते नव्हते, त्याच्यावरच महालाचा गारवा अवलंबून होता.

आज तलाव कोरडा आहे. आम्ही गेलो तेव्हा त्यात गवत वाढले होते. मुले म्हणाली, “फोटोत पाणीच नाही, मग काय काढायचं?” आम्ही म्हटले, “तलावात उतरा आणि खालून काढा.” खालून पाहिल्यावर त्यांना कळले की पाणी कुठपर्यंत असेल आणि महाल त्यात कसा दिसत असेल. सकाळचे ऊन तिरपे असते, तेव्हा कमानींची खोली फोटोत छान उतरते. आम्ही एकच अट घातली: दहा फोटो जागेचे काढा, मग एक स्वतःचा.

घरी आल्यावर मगरिबनंतर सगळे फोटो पाहायला बसलो. थोरल्या मुलीने एक फोटो मोठा केला. भिंतीच्या चुन्यावर काहीतरी कोरलेले होते: एक नाव उर्दूत, त्याखाली मराठीत ‘दहावी ब’ आणि साल. त्या साली आमच्या शाळेची दहावी ‘ब’ची सहल आम्हीच तिथे नेली होती. मुलांना वीस मिनिटे दिली होती आणि स्वतः सावलीत चहा पीत बसलो होतो. “आपल्या इतिहासाकडे कोणी लक्ष देत नाही,” अशी तक्रार आम्ही वर्गात किती वेळा केली असेल!

आता सहलीआधी आम्ही एक तास फराहबागेचा घेतो. फळ्यावर नकाशा काढतो, पाणी कुठून यायचे ते सांगतो. तिथे मुलांच्या चार तुकड्या करतो. एकेका तुकडीकडे दोन बाजू, फोटो आणि तारखेसह टिपण. नाव लिहायचेच असेल तर वहीत लिहा, असे बजावतो.

तुमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये अब्बांचा किंवा नानाजानचा अशा एखाद्या ठिकाणचा फोटो असेल, तर मागे जागा आणि साल लिहून ठेवा. पुढच्या वेळी तिथे गेलात की त्याच कोपऱ्यातून नवा फोटो काढा. चाळीस वर्षांत भिंतीचे काय झाले, ते मुलांना दोन फोटो शेजारी ठेवले की आपोआप दिसेल. आणि त्यात आपला हात किती, हेही.