जुन्या शेव्हर्लेला पॉवर स्टिअरिंगचा पंप जुळवताना

1955, 1956 आणि 1957 या तीन सालांतल्या शेव्हर्ले गाड्यांवर जगभरच्या हौशी मंडळींचा विशेष जीव आहे. गाडी सुमारे दीड टनाची, पुढे लोखंडी व्ही-8 इंजिन. रस्त्यावर ती मजेत पळते, पण जागच्या जागी वळवायची वेळ आली की खांदे भरून येतात. मग मालक पॉवर स्टिअरिंगचा विचार करतो आणि सगळ्यात आधी पंप विकत आणतो. क्रम इथेच उलटा होतो. पंपाचे काम तेल पुरवण्याचे. ते किती पुरवायचे आणि कोणत्या दाबाने, हे ज्याला पुरवायचे तो स्टिअरिंग बॉक्स ठरवतो.

मूळ व्यवस्था

अमेरिकेत विक्रीला आलेली पॉवर स्टिअरिंगची पहिली मोटार 1951 ची क्रायस्लर इम्पीरियल. काही वर्षांतच शेव्हर्लेसारख्या सर्वसामान्यांच्या गाडीतही जादा पैसे भरून ही सोय मिळू लागली. मात्र तिची रचना आजच्यापेक्षा वेगळी होती. स्टिअरिंग बॉक्स साधाच असे. चाके वळवणाऱ्या दांड्यांना खाली एक हायड्रॉलिक सिलिंडर जोडलेला असे आणि तो त्यांना जोर देई. पंप जनरेटरच्या मागच्या टोकाला बसवलेला होता, म्हणजे एकाच पुलीवर दोन्ही कामे. याचा परिणाम आज जाणवतो. जनरेटर काढून त्या जागी अल्टरनेटर बसवला की पंप निराधार होतो. नवा पंप आणि त्याची स्वतंत्र जागा शोधावीच लागते.

आधी बॉक्स, मग पंप

तीन वाटा आहेत. मूळ सिलिंडरची व्यवस्था दुरुस्त करून ठेवायची, पॉवरचा एकसंध नवा बॉक्स लावायचा किंवा पुढचे सस्पेन्शन बदलून रॅक अँड पिनियन घालायचा. माझे मत पहिल्या दोन वाटांच्या बाजूने आहे. रॅकसाठी गाडीचा पुढचा सांगाडा कापावा लागत असेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

जनरल मोटर्सच्या बॉक्सला त्याच घराण्याचा सॅगिनॉ पंप सहसा चांगला जुळतो. अडचण येते ती मिश्र जोडीत. अमेरिकेतल्या हौशी बांधणीत मस्टँग 2 या गाडीचा रॅक फार वापरला जातो. त्याला साधारण 1000 पीएसआयच्या आसपासचा दाब आणि मिनिटाला 2 गॅलन, म्हणजे साडेसात लिटर तेल पुरते. सॅगिनॉ पंप यापेक्षा बराच जास्त दाब आणि प्रवाह देऊ शकतो. असा पंप त्या रॅकला थेट जोडला की महामार्गावर स्टिअरिंगला नुसते बोट लागले तरी गाडी लेन सोडू पाहते.

दाब आणि प्रवाह

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ याच मुद्द्यावर होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाकी दहाव्या मजल्यावर असली तरी नळ बारीक असेल तर बादली सावकाशच भरते. दाब ही एक गोष्ट, प्रवाह ही दुसरी.

पंपाचा कमाल दाब उपयोगी पडतो तो पार्किंग करताना, चाके जड जात असताना. प्रवाह मात्र सतत वाहत असतो. गाडी सरळ जात असतानाही तेल बॉक्सच्या झडपेतून फिरून परत येते. स्टिअरिंग थोडे वळवले की झडपेतली एका बाजूची वाट अरुंद होते आणि तिथे दाब चढतो. प्रवाह जितका जास्त, तितका तेवढ्याच वळणाला चढणारा दाब जास्त. म्हणून महामार्गावर स्टिअरिंग फाजील हलके वाटत असेल, तर आधी प्रवाह कमी करावा. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी असलेले छिद्र लहान केले की ते साधते. पुष्कळ जण कमाल दाब ठरवणाऱ्या रिलीफ झडपेत शिम घालून दाबच उतरवतात. त्याने हलकेपणा फारसा जात नाही, पार्किंग मात्र पुन्हा जड होते.

ब्रॅकेट, पुली, बेल्ट

1969 पूर्वीच्या शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनांच्या हेडला पुढच्या तोंडावर ब्रॅकेटसाठी भोके नसतात. नंतरच्या इंजिनाचा ब्रॅकेट आणला तर तो बसणार नाही. त्याच सुमारास बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही आखूड जाऊन लांब आला, त्यामुळे बेल्टची रेषाच पुढे सरकली. आखूड पंपाबरोबर आखूड पंपाच्याच पुल्या वापराव्यात. लांब सरळ पट्टी धरून सगळ्या पुल्यांच्या खाचा एका रेषेत आहेत का ते पाहावे.

सॅगिनॉच्या जुन्या पंपांना चावी आणि नटवर बसणारी पुली असते, नंतरच्यांना दाबून बसवायची. ही दाबायची पुली हातोड्याने ठोकू नये. ठोका दांड्यातून थेट आतल्या भागांवर बसतो आणि नवा पंप वाया जातो. पंपाच्या फिरण्याची दिशाही ठरलेली असते, ती विकत घेण्यापूर्वीच पाहावी.

नळ्या आणि तेल

जुन्या जोडाचे तोंड तिरक्या बसकीचे, नव्याचे मेट्रिक आट्यांचे आणि ओ-रिंगचे. एकाचा नट दुसऱ्यात कसाबसा शिरला तरी गळती ठरलेली. दाबाची नळी त्या दाबाला योग्य अशीच करून घ्यावी. परतीच्या बाजूलाही हीटरची नळी चालत नाही, तेलाने ती फुगते.

त्या काळी या गाड्यांत ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचेच तेल भरत. आज पंप बनवणारा जे सांगेल ते भरावे. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील त्यातच संपतात. इतर जुन्या गाड्यांचे नियम वेगळे असू शकतात. उदाहरणार्थ, सित्रोएन डीएसमध्ये 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंथेटिक द्रव जाऊन हिरवे मिनरल तेल आले. एकाच्या जागी दुसरे घातले तर सगळी यंत्रणा उघडावी लागते.

बसवल्यावर

पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरवावे आणि टाकीत तेल भरत राहावे. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करावे. तेल दुधाळ दिसले किंवा पंप कण्हू लागला तर हवा अजून आत आहे. दाब मोजताना गेजची झडप पाच सेकंदांहून जास्त बंद ठेवू नये. पार्किंगमध्येही स्टिअरिंग टोकाला दाबून धरायची सवय सोडावी, तेल पाहता पाहता तापते.

काढलेले भाग

भारतात 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा पंपासाठी चॅसिसवर वेल्डिंग करू नका, नटबोल्टवर बसणाराच ब्रॅकेट घ्या. आणि काढलेला जनरेटर, त्यामागचा पंप, सिलिंडर, पुल्या भंगारात देऊ नका. तेल लावून, चिठ्ठी बांधून गाडीबरोबरच ठेवा. पुढच्या मालकाला ते कामी येतील.